पहिली रायफल

छंद म्हटला कीं त्यास एक उंबरठा असतो, आणि त्या उंबरठ्यावर बहुधा दुकानदार बसलेला असतो. सतार शिकूं इच्छिणाऱ्यास आधीं सतार विकत घ्यावी लागते. आणि कोणती सतार घ्यावी हें कळावें, तर आधीं सतार वाजवितां यावी लागते. हें कोडें प्रत्येक नवशिक्यापुढें उभें असतें. द्रोणाचार्यांनीं अर्जुनास झाडावरील पक्ष्याविषयीं काय विचारलें तें सर्वश्रुत आहे. पण धनुष्य कितीस पडलें, हा प्रश्न त्यांनीं केल्याचें कोठें आढळत नाहीं. राजपुत्रांची गोष्ट वेगळी. आम्हांस लक्ष्यवेधाचा नाद लागला तो पन्नाशी उलटल्यावर, अमेरिकेच्या ओहायो संस्थानांत. आणि तेथें आमच्यासारख्या पगारी माणसाचा पहिला प्रश्न धनुष्याच्या किंमतीचाच असतो.

बंदूक हा शब्द ऐकतांच आमच्या कित्येक वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणतों. त्यांत त्यांचा दोष नाहीं. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें इंग्रज सरकारनें हिंदी माणसाचें शस्त्र परवान्याच्या कुलुपांत घातलें. १९५९ सालीं स्वतंत्र भारतानें नवा कायदा केला, तरी परवान्याची शिस्त कडकच ठेविली. त्यामुळें पांढरपेशा मराठी घरांत शस्त्र म्हणजे खंडेनवमीस पाटावर मांडावयाची विळी, अडकित्ता, घरांतली करवत, आणि फारच झालें तर पणजोबांची गंजलेली तलवार. ओहायोंत मात्र रायफल ही मासे धरण्याच्या गळाशेजारीं, एकाच दुकानांत, एकाच भिंतीवर टांगलेली दिसते. आणि शेजारचा शेतकरी ती घेतांना आपण कोयता घेतांना करतों तितकाच विचार करतो. या दोन रीतींच्या मध्यें उभें राहून निवड करावयाची, म्हणजे ती केवळ वस्तूची निवड राहत नाहीं. आपलें घर कसें असावें, याचाही निर्णय तींत येतो.

प्रथम अधिकाराची गोष्ट. अमेरिकेंत १९६८ च्या बंदूक-नियंत्रण कायद्यान्वयें परवानाधारक दुकानदाराकडून रायफल घेणाऱ्याचें वय निदान १८ असावें लागतें. त्यास एक छापील अर्ज भरून खालीं सही करावी लागते, आणि १९९८ च्या नोव्हेंबरपासून त्याच्या पूर्ववृत्ताची चौकशी मध्यवर्ती सरकारच्या यंत्रणेमार्फत केली जाते. आपल्याकडून नोकरीनिमित्त गेलेल्या तरुणांनीं येथें एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परकीयास, शिकारीचा परवाना यांसारखे कांहीं ठराविक अपवाद वगळतां, बंदूक विकत घेणें तर राहोच, नुसती जवळ बाळगणें हाही गुन्हा आहे. मित्राची रायफल 'सहज म्हणून' हातांत घेण्यापूर्वींही कायदा विचारून घ्यावा. कायमच्या वास्तव्याचें कार्ड ज्याच्यापाशीं आहे त्यास ही आडकाठी नाहीं. याशिवाय प्रत्येक संस्थानाचा कायदा निराळा. न्यू जर्सींत आधीं पोलिसांकडून खरेदीदाराचें ओळखपत्र काढावें लागतें, आणि दहांहून अधिक काडतुसांचें मॅगझीन तेथें चालत नाहीं. न्यूयॉर्कांत २०२२ च्या सप्टेंबरपासून अर्धस्वयंचलित रायफलीस स्वतंत्र परवाना लागतो. ओहायोंत यांपैकीं कांहींच लागत नाहीं. तेव्हां एडिसनच्या मराठी माणसानें कोलंबसच्या मराठी माणसाचा सल्ला जसाच्या तसा घेऊं नये. आमचाही घेऊं नये.

आतां 'अर्धस्वयंचलित' या लांबलचक शब्दाविषयीं. या जातीच्या रायफलीचा चाप एकदां ओढला कीं गोळी एकच सुटते. पण रिकामें टरफल बाहेर फेकणें आणि नवें काडतूस नळींत बसविणें, हीं दोन कामें रायफल आपण होऊन करते. चाप दाबून धरला असतां गोळ्यांचा वर्षाव करणारी यंत्रबंदूक ती निराळी. तिच्यावर अमेरिकेंत १९३४ पासून कर आणि नोंदणी आहे, आणि १९८६ नंतर बनलेली खासगी माणसास घेतांच येत नाहीं. लहान काडतुसाच्या रायफलींतील युक्ति तर इतकी साधी आहे कीं घड्याळजीस हंसूं यावें. नळीच्या मागें पोलादाचा एक जड ठोकळा स्प्रिंगच्या जोरानें टेकलेला असतो. बार उडाला कीं वायूचा दाब गोळीस पुढें लोटतो तसा टरफलास मागें लोटतो. ठोकळा जड असल्यामुळें तो मागें सरूं लागेपर्यंत हलकी गोळी नळीबाहेर पडण्याच्या बेतांत असते. मागें जातांना तो टरफल फेकतो व घोडा चढवितो. पुढें येतांना नवें काडतूस घेऊन येतो. सारी करामत एवढीच.

हें लहान काडतूस म्हणजे '.२२ लाँग रायफल'. १८८७ सालापासून तें चालत आलें आहे. त्याची गोळी बहुधा ४० ग्रेन वजनाची, म्हणजे अडीच ग्रॅमांहून किंचित् जड असते. धक्का इतका थोडा कीं बारा वर्षांच्या मुलाचा खांदाही तक्रार करीत नाहीं. तें पोराटोरांचें खेळणें आहे असें मात्र कोणीं समजूं नये. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें ५० मीटर प्रोन प्रकारांत जगज्जेत्या झाल्या, आणि त्याच जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत ५० मीटर तीन पवित्र्यांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, तें याच जातीच्या काडतुसावर. फरक इतकाच कीं त्या स्पर्धांतील रायफलींत प्रत्येक काडतूस एकेक करून हातानें भरावें लागतें. या फरकाकडे आम्ही शेवटीं वळणार आहों.

आपल्याकडे म्हण आहे : चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. रायफल हें त्या म्हणीचें उत्तम उदाहरण होय. दुकानांत ज्या किंमतीवर आपण घासाघीस करतों ती एकदांच द्यावयाची. काडतुसांची किंमत मात्र दर रविवारीं द्यावयाची. लहान काडतुसास सामान्यतः सहा ते दहा सेंट पडतात. सैनिकी धर्तीच्या रायफलींत चालणाऱ्या .२२३ या काडतुसास सुमारें अर्धा डॉलर पडतो. एका दुपारीं दोनशें गोळ्या झाडल्या असें धरलें तर पहिल्याचा खर्च वीस डॉलरांच्या आंत राहतो, आणि दुसऱ्याचा शंभरावर जातो. वर्षांत अशा वीस दुपारी गेल्या म्हणजे दोहोंमधला फरक दीड हजार डॉलरांच्या वर होतो. एवढ्या पैशांत लहान रायफली चार येतील. शिवाय या जिनसाचा बाजार भित्रा आहे. २०१३ सालीं नव्या कायद्याच्या भीतीनें लोकांनीं इतकी साठेबाजी केली कीं हें गरिबाचें काडतूसच दुकानांतून नाहींसें झालें. २०२० सालीं साथीच्या काळांत पुन्हां तोच प्रकार घडला. म्हणून वर्षाला लागतील तितकीं काडतुसें स्वस्ताईंत घेऊन ठेवणें हा शहाणपणा होय, आणि दहा वर्षांचीं घेऊन ठेवणें हा रोग होय.

आतां प्रत्यक्ष निवडीकडे येऊं. चार नांवें नवशिक्याच्या कानांवर पडल्याशिवाय राहत नाहींत. पहिलें रूगरच्या '१०/२२' चें. १९६४ सालीं ती निघाली. दहा काडतुसें भ्रमरासारख्या फिरणाऱ्या एका लहान डबींत बसतात, आणि ती डबी रायफलीच्या पोटांत अशी सामावते कीं बाहेरून दिसतही नाहीं. वजन अडीच किलोच्या आंत. किंमत साधारण तीनशें ते चारशें डॉलर. तिचा खरा गुण म्हणजे तिचे सुटे भाग जेथें तेथें मिळतात, आणि तिच्या प्रत्येक दुखण्यावर औषध सांगणारा माणूस दर चांदमारीवर भेटतो. दुसरें नांव मार्लिनच्या 'मॉडेल ६०' चें. ही १९६० ची. हिचीं काडतुसें नळीखालच्या दुसऱ्या एका नळींत एकामागें एक सोडावीं लागतात. मार्लिनचे मालक असलेल्या रेमिंग्टन कंपनीचें २०२० सालीं दिवाळें निघालें आणि मार्लिनचें नांव रूगरनें घेतलें. पण या रायफली पूर्वीं इतक्या बनल्या आहेत कीं जुन्या बाजारांत एकादी चांगली राखलेली 'मॉडेल ६०' आजही थोडक्यांत मिळते. मात्र नळींत एकादें काडतूस दडून राहत नाहीं ना, हें रिकामी करतांना डोळ्यांनीं आणि बोटानें पाहावें लागतें. तिसरी सॅव्हेजची '६४'. बहुधा सर्वांत स्वस्त, दोनशें डॉलरांच्या आसपास. दिसावयास ओबडधोबड, पण नेमास प्रामाणिक. चौथी स्मिथ अँड वेसनची '१५-२२', २००९ सालची. सोंग सैनिकाच्या रायफलीचें आणि पोट लहान काडतुसाचें. ती हलकी आहे, दस्ता लांब-आंखूड करतां येतो म्हणून लहान चणीच्या माणसास सोयीची आहे. पण किंमत अधिक, आणि तिच्या त्या सोंगामुळेंच कांहीं संस्थानांत ती विकतां येत नाहीं.

दुकानांत उभे असतां यांपैकीं एकही रायफल न दाखवितां एका तरुण विक्रेत्यानें थेट मोठी सैनिकी धर्तीची रायफल आमच्या हातांत दिली, आणि म्हणाला, "वर्षभरानें तुम्हांला हीच हवीशी होणार. मग आजच कां नको?" युक्तिवाद मोठा मोहक होता. माणसाच्या उद्यांच्या हांवेवर आज बिल फाडावयाचें, हें साऱ्या व्यापाराचें रहस्य त्या एका वाक्यांत आलें होतें. आम्हीं त्यास विचारलें कीं, वर्षभरानें ती हवीशी होण्याइतकें नेमबाजीचें ज्ञान आम्हांस हीच रायफल देईल काय? तो हंसला, आणि प्रामाणिकपणें म्हणाला, "नाहीं, तें ती लहानच देईल." मोठ्या बाराच्या आवाजानें व धक्क्यानें नवशिका डोळे मिटतो, खांदा आधींच आखडतो, आणि चाप हिसकतो. ही खोड एकदां जडली कीं घालवितां घालवितां पुरेवाट होते. लहान काडतूस अशी भीति शिकवीत नाहीं. म्हणून त्यावर हात घडतो.

भीति शिकवीत नाहीं, पण सावधगिरी शिकविल्यावांचून राहूं नये. या अडीच ग्रॅमांच्या गोळीची धांव दीड मैलांपर्यंत जाऊं शकते. काडतुसांच्या खोक्यांवर तशी सूचना छापलेली असे. म्हणून निशाणाच्या मागें मातीचा भक्कम बांध नसेल तर तें निशाणच नव्हे. दगडावर किंवा पाण्यावर गोळी झाडूं नये. ती उसळून भलत्याच दिशेस जाते. बाराचा आवाज १४० डेसिबेलांच्या आसपास असतो, तेव्हां कानांस आच्छादन व डोळ्यांस चष्मा हवाच. गोळी शिशाची असल्यामुळें खेळ संपल्यावर हात धुतल्याखेरीज तोंडांत कांहीं घालूं नये. आणि चार नियम तर शाळेंतल्या पाढ्यांसारखे पाठ असावेत : प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असें मानावें; जें नष्ट करावयाचें नाहीं त्याच्याकडे नळीचें तोंड वळवूं नये; नेम स्थिर होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावें; आणि निशाण कोणतें व त्याच्या मागें काय आहे, हें जाणल्याशिवाय बार काढूं नये. नियम चार आहेत याचें कारण असें कीं एकाचा विसर पडला तरी उरलेले तीन माणसाचा जीव वांचवितात.

ही सारी चर्चा आमच्या घरीं महिनाभर चालली होती, आणि आमच्या सौ. तांदूळ निवडतां निवडतां ती शांतपणें ऐकत होत्या. एके रात्रीं त्या म्हणाल्या, "अहो, कोणती घ्यायची तें तुम्ही ठरवा. पण ती घरांत कोठें राहणार, तें मी ठरवीन." त्यांच्या या एका वाक्यानें आमच्या महिन्याभराच्या अभ्यासांत जी बाजू कोणत्याही दुकानदारानें काढली नव्हती ती पुढें आली. आमचे चिरंजीव त्या वेळीं सोळा वर्षांचे होते. सोळावें वर्ष कसें असतें तें ज्यांनीं तें पाहिलें आहे त्यांस सांगावयास नको : सकाळीं मुलगा जग जिंकावयास निघालेला असतो, आणि संध्याकाळीं परीक्षेच्या एका निकालानें त्यास जग नकोसें झालेलें असतें. अमेरिकेंत २०२१ सालीं बंदुकीनें ४८,८३० माणसें मेलीं. त्यांपैकीं २६,३२८ जणांनीं आपला जीव आपणच घेतला होता. म्हणजे निम्म्याहून अधिक. लोक घरांत बंदूक आणतात ती चोराच्या भीतीनें. पण तिच्यापासून अधिक भय घरच्याच माणसास, त्याच्या एका वाईट घटकेंत. ती घटका पुष्कळदां टळणारी असते. हाताशीं साधन नसलें म्हणजे माणूस तींतून पार पडतो, आणि मग पुढें पुष्कळ वर्षें जगतो.

सौभाग्यवतींच्या अटी तीन होत्या. रायफल पोलादी कपाटांत राहील. काडतुसें दुसऱ्या खोलींत, दुसऱ्या कुलुपांत राहतील. आणि घरांतील कोणाचेंही मन, आमचें स्वतःचें धरून, बिघडलेलें दिसलें तर रायफल त्याच दिवशीं घराबाहेर, ओळखीच्या दुकानदाराकडे किंवा मंडळाच्या तिजोरींत जाईल, आणि त्यावर वाद होणार नाहीं. तिसरी अट ऐकून आम्हांस क्षणभर राग आला. मग वाटलें कीं, ही अट ज्यास अपमानाची वाटते त्यानें बंदूक घेऊंच नये. कपाटास दीडशें डॉलर पडले. आम्हीं ते रायफलीच्या किंमतीत धरले. कारण कपाटावांचून रायफल ही कुंपणावांचून विहीर आहे. ज्याच्या अंदाजपत्रकांत रायफल बसते पण कपाट बसत नाहीं, त्याच्या अंदाजपत्रकांत रायफलही बसत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

अखेर आम्हीं घेतली ती साध्या लांकडी दस्त्याची '१०/२२'; एका वृद्ध गृहस्थानें दुकानांत विकावयास ठेविलेली, अडीचशें डॉलरांस. तिच्यावर दुर्बीण नाहीं. माशी आणि खांच यांवरच नेम धरावा लागतो. कानांचें आच्छादन, चष्मा, कपाट, पहिल्या वर्षाचीं काडतुसें आणि मंडळाची वर्गणी मिळून हिशेब रायफलीच्या दुपटीहून पुष्कळ वर गेला. 'परवडणारी' या शब्दाचा अर्थ हा असा सबंध बेरजेंत पाहावा लागतो.

आतां त्या फरकाकडे वळूं. ऑलिंपिकचा नेमबाज एक काडतूस भरतो, श्वास सोडतो, थांबतो, बार काढतो, आणि मग दुसरें काडतूस उचलतो. त्या उचलण्यांत त्यास विचार करावयास सवड मिळते. अर्धस्वयंचलित रायफल ही सवड काढून घेते. दुसरी गोळी आपोआप तयार असते. आणि आपोआप तयार असलेली वस्तु माणूस वापरल्यावांचून सोडीत नाहीं. पहिली चुकली कीं दुसरी तिच्या पाठीवर धांवते, तिसरी दुसरीच्या. दहा गोळ्या आठ सेकंदांत संपतात, आणि कागदावर पडलेल्या दहा छिद्रांपैकीं कोणतें कां पडलें तें ब्रह्मदेवासही सांगतां येत नाहीं. बोलण्यांत हा अनुभव कोणास नाहीं? पहिला शब्द चुकीचा गेला कीं तो सांवरण्यासाठीं दुसरा, दुसरा सांवरण्यासाठीं तिसरा. चाप आणि जीभ यांत या बाबतींत फारसें अंतर नाहीं.

मग एकेरी रायफलच कां घेऊं नये, असें कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे, आणि ज्यास केवळ शिक्षण हवें त्यानें ती खुशाल घ्यावी. ती आणखी स्वस्तही मिळते. पण आमचें मत थोडें निराळें आहे. ज्याच्यापाशीं दुसरी गोळीच नाहीं त्याच्या संयमास संयम म्हणतां येत नाहीं. ती नुसती अडचण झाली. दुसरी गोळी तयार असतांना थांबणें हें शिकावयाचें तर ती तयार असावी लागते. म्हणून पहिले दोन महिने आम्ही मॅगझीनमध्यें एकेकच काडतूस घालीत असूं, नंतर दोन, नंतर पांच. आणि प्रत्येक बारानंतर गाल दस्त्यावरच ठेवून, माशी कोठें स्थिरावली तें पाहून मगच बोट पुन्हां चापावर नेत असूं. गाल न उचलतां हें पाहतां येणें हाच या जातीच्या रायफलीचा खरा फायदा. वेग हा नव्हे.

आणि शेवटीं आनंदाचीही गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर हा सारा लेख कुलुपाकिल्ल्यांचाच होईल. अमेरिकन लोकांत या खेळास जो शब्द आहे तो पत्र्याच्या डब्यावर गोळी लागल्याच्या नादावरूनच पडलेला आहे. पंचवीस यार्डांवर लोखंडाची तबकडी टांगलेली असते. बार उडतो, मग एक क्षण, फार लहान, पण अगदीं रिकामा, आणि मग 'टण्' असा आवाज येतो. देवळांतल्या घंटेस दुरून खडा मारून पाहणाऱ्या पोरास जें सुख होतें, तेंच हें. चिरंजीवांनींही आमच्या देखरेखीखालीं पुष्कळदां तो नाद काढला, आणि आमच्याहून अधिक वेळां काढला. ते आतां कॉलेजांत आहेत. सुटींत घरीं आले कीं रविवारीं सकाळीं आम्ही दोघे चांदमारीवर जातों, आणि परत आल्यावर रायफल पुसून कपाटांत ठेवतों. किल्ली अजूनही त्यांच्या मातोश्रींपाशींच असते.